युद्धकाळातली ग्रामर स्कूल अभ्यासायची तर आधी वेळापत्रक मागा

दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडमधल्या मुलांच्या ग्रामर स्कूलवर, म्हणजे परीक्षेतून निवडून प्रवेश देणाऱ्या माध्यमिक शाळेवर, प्रबंध लिहायला बसलेला नवखा अभ्यासक हमखास बॉम्बपासून सुरुवात करतो. शाळेच्या दप्तरात मात्र बॉम्ब क्वचितच सापडतो. सापडतात ती हजेरीपत्रकं, प्रवेश रजिस्टरं, वेळापत्रकं आणि शाळेच्या मासिकाचे बारीक टाइपातले अंक. युद्धाने शाळेच्या दिवसाचं काय केलं, हे वेळापत्रकाइतकं स्पष्ट दुसरा कुठलाही कागद सांगत नाही.

प्रवेशाचा हिशेब आधी पक्का करा. अकराव्या वर्षाच्या आसपास परीक्षा व्हायची, त्यात मुख्यतः इंग्रजी, गणित आणि बुद्धिमापन. 1932 नंतर ‘स्पेशल प्लेस’, म्हणजे परीक्षेच्या निकालावरची जागा, मिळालेल्या मुलाची फी पालकांच्या उत्पन्नावर ठरे. उरलेले पूर्ण फी भरत. 1944च्या बटलर शिक्षण कायद्याने सरकारी अनुदानावरच्या माध्यमिक शाळांतली फी गेली, पण ती 1 एप्रिल 1945 पासून. थेट केंद्र सरकारकडून अनुदान घेणाऱ्या डायरेक्ट ग्रँट शाळा, उदाहरणार्थ मँचेस्टर ग्रामर स्कूल, त्यानंतरही फी घेतच राहिल्या. म्हणजे ‘युद्धात शिक्षण मोफत झालं’ हे वाक्य लिहिलंत की तिथेच फसलात. पैशांचे आकडे वाचताना 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड लक्षात ठेवा. आपल्या जुन्या आण्यातही 12 पैच होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला हे जड जाऊ नये.

आता मुख्य भानगड: दोन शाळा, एक इमारत. 1 सप्टेंबर 1939 पासून तीन दिवसांत सुमारे 15 लाख लोक धोक्याच्या शहरांतून हलवले गेले. ग्रामर स्कूल बहुधा मास्तरांसकट अख्खीच्या अख्खी जायची. साउदॅम्प्टनची किंग एडवर्ड सहावा शाळा पूलला गेली. डोव्हरची मुलांची काउंटी शाळा 1940 मध्ये थेट वेल्समधल्या एब्बू व्हेलला गेली. मुलं परक्या घरांत बिलेटवर, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या मुक्कामी, राहत. यजमानाला एका मुलामागे आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स, एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकी 8 शिलिंग 6 पेन्स मिळत.

यजमान शाळा सकाळी, पाहुणी शाळा दुपारी, अशी पाळी साधारण असे. तास आखडले, शनिवारही कामाचा झाला. रिकामी अर्धी पाळी मग चर्चच्या हॉलमध्ये, खेळात नाहीतर गृहपाठात घालवायची. सगळ्यात जास्त कुरबुर प्रयोगशाळेवरून होई: फुटलेली चंचुपात्रं कोणाच्या खात्यावर, संपलेलं आम्ल कोणी भरायचं, फळ्यावरची आकृती कोणी पुसली. हिवाळ्यात दुपारच्या पाळीची मुलं ब्लॅकआउटच्या, म्हणजे विमानहल्ल्याच्या भीतीने दिवे झाकलेल्या, अंधारात घरी जात, म्हणून शेवटचा तास आधी कापला जाई. कुठला विषय कापला ते बघा. लॅटिन आणि गणित सहसा वाचतात. कला, सुतारकाम आणि संगीत जातात.

जानेवारी 1940 पर्यंत जवळपास निम्मी मुलं घरी परतली होती. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर दुसरी लाट आली. आठवणी सांगणारे वृद्ध या दोन लाटा सर्रास एक करतात. त्यांच्यावर खेकसू नका, तारीख रजिस्टरवरून लावा.

रात्री पहाऱ्याच्या असत. जानेवारी 1941 पासून 16 ते 60 वयाच्या पुरुषांवर आग-पहाऱ्याची सक्ती आली, महिन्याला 48 तासांपर्यंत. शाळेच्या छपरावर मास्तर आणि वरच्या वर्गातली मुलं पाळीने बसत. आगबॉम्ब किलोभर वजनाचा, मॅग्नेशियमचा. तो कौलं फोडून माळ्यावर अडकायचा आणि माळ्यावर जायला शिडी नसली की सगळं संपलं, म्हणून शिडीची जागा ठरलेली असे. हाताशी स्टिरप पंप. एकाने बादलीत उभा केलेला पंप पायाने दाबून धरत मारायचा, दुसऱ्याने नळी घेऊन पोटावर सरपटत पुढे जायचं, तिसऱ्याने पाणी आणत राहायचं. सुरुवातीच्या सूचनेप्रमाणे बॉम्बवर फवारा आणि आजूबाजूच्या आगीवर धार. तापलेल्या मॅग्नेशियमवर थेट धार मारली तर ते उसळून उडतं. धारेवर बादली दीड-दोन मिनिटांतच रिकामी होते, त्यामुळे तिसरा माणूस ढिला पडला की पहिले दोघे निरुपयोगी. दुसऱ्या दिवशी ही मुलं वर्गात पेंगत. मध्यरात्रीनंतरही हवाई हल्ल्याचा इशारा चालू राहिला तर शाळा उशिरा भरवायची, हा नियम अनेक ठिकाणी होता. हजेरीपत्रकात सकाळची उपस्थिती अचानक घसरलेली दिसली तर आधी आदल्या रात्रीची नोंद पाहा, मग साथीचा विचार करा.

कपड्यांचं थोडक्यात: 1 जून 1941 पासून कपड्यांना रेशनची कुपनं, पहिल्या वर्षाला 66, पुढे कपात. टोपी आणि ब्लेझर मात्र शाळा सोडत नसे, त्यामुळे थोरल्याचा ब्लेझर धाकट्याच्या अंगावर. वह्या दोन्ही बाजूंनी, समासासकट भरायच्या. तरुण मास्तर सैन्यात गेले, निवृत्त परत आले आणि अनेक मुलांच्या शाळांत पहिल्यांदाच बाई शिकवायला उभ्या राहिल्या. मासिकांत याचा उल्लेख जरा अवघडल्या सुरात येतो. तो सूर टिपण्यासारखा आहे.

एवढं सगळं होऊनही परीक्षा हटल्या नाहीत. सोळाव्या वर्षी स्कूल सर्टिफिकेट, अठराव्या वर्षी हायर सर्टिफिकेट. सर्टिफिकेट विषयवार मिळत नसे, एकगठ्ठा मिळे. इंग्रजीत गेलं की सगळंच गेलं. आपल्या जुन्या मॅट्रिकचाच खाक्या. म्हणून एखाद्या मुलाचं ‘नापास’ वाचून तो ढ होता असं ठरवू नका.

पुढे अठराव्या वर्षीच्या सैन्यभरतीची सावली. फेब्रुवारी 1941 मध्ये एअर ट्रेनिंग कोअर, म्हणजे मुलांना हवाई दलासाठी तयार करणारी संघटना, निघाली. मोर्स, दिशाज्ञान, विमानं ओळखणं यासाठी आठवड्याच्या संध्याकाळी गेल्या. विज्ञानात चांगल्या मुलांना सरकारी बर्सरी (शिष्यवृत्ती) मिळून विद्यापीठात जाता येई. डिसेंबर 1943 पासून मात्र नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर चिठ्ठी निघू लागली आणि भरतीच्या वयाच्या दर दहातला एक कोळशाच्या खाणीत गेला, बाप डॉक्टर असो की हमाल. या ‘बेव्हिन बॉइज’ना ना गणवेश होता ना पदक, त्यामुळे मासिकाच्या सन्मानयादीत त्यांना शोधत बसू नका. शाळा सोडल्याचं रजिस्टर मागवा आणि त्यात पुढच्या कामाचा रकाना असेल तर तो ओळीने वाचा.