टूल ट्रॉली घेताय? या चुका टाळा

घरच्या पार्किंगात गाडीचं काम स्वतः करणारी पोरं कोल्हापुरात वाढलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. चेन साफ करणं, ऑइल बदलणं, ब्रेक पॅड घालणं इथून सुरुवात होते आणि बघता बघता हत्यारं इतकी साठतात की प्लास्टिकच्या बादलीत मावत नाहीत. मग ट्रॉली घ्यायचं ठरतं आणि तिथं बहुतेक जण त्याच त्याच खड्ड्यात पाय घालतात. माझा सगळा जन्म मशीन शॉपमध्ये गेला, त्यामुळं लोक विचारायला येतात. पण येतात ते ट्रॉली घरात येऊन पडल्यावर. आधी आलात तर पैसे वाचतील, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

ड्रॉवर मोजून ट्रॉली घेणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघितली आहे. पाच ड्रॉवरच्या किमतीत सात ड्रॉवर मिळतायत म्हटलं की माणूस पुढचं काही विचारतच नाही. दोन ड्रॉवर जास्त दिले तर त्यांचा खर्च कुठून तरी निघालेला असतो, आणि तो निघतो पत्र्यातून आणि चॅनेलमधून, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या रेलमधून.

पत्र्याचं आधी बघू. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० गेज ०.९, २२ गेज ०.७ आणि २४ गेज जेमतेम ०.५६ मिमी. घरच्या कामाला बॉडी २० गेजची असली तरी चालते. २४ गेजच्या ड्रॉवरमध्ये गोटीचा (सॉकेटचा) बॉक्स ठेवला की तळ खाली झोळतो आणि खालच्या ड्रॉवरला घासायला लागतो.

दुकानदार गेज सांगेल त्यावर जाऊ नका. मी खिशात व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचा कॅलिपर, घेऊन जातो. ड्रॉवर बाहेर काढून मागच्या बाजूची एकेरी कड मोजायची, पुढची कड दुमडलेली असते. पावडर कोटिंग एका बाजूला ६० ते ८० मायक्रॉन धरलं तर दोन्ही बाजूंचं मिळून ०.१२ ते ०.१६ मिमी वजा करायचं. व्हर्निअर ०.७ दाखवत असेल तर आत पत्रा ०.५५ च्या आसपास आहे, मग स्टिकरवर काहीही छापलेलं असो.

ऑनलाइन घेणाऱ्याला व्हर्निअर लावता येत नाही, पण वजन वाचता येतं. एक चौरस मीटर, एक मिमी जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. सव्वादोन फूट रुंद, दीड फूट खोल, तीन फूट उंच आणि पाच ड्रॉवरची ट्रॉली म्हटली तर साडेचार चौरस मीटरच्या पुढंमागं पत्रा लागतो. एक मिमीचा असेल तर नुसता पत्राच पस्तीस किलोच्या घरात जातो, वर चॅनेल आणि चाकं वेगळी. तेवढ्याच मापाच्या ट्रॉलीचं एकूण वजन बावीस-पंचवीस किलो लिहिलेलं असेल, तर तिथंच थांबा. वजन लिहिलेलंच नसेल तरीही थांबा.

आता राजारामपुरीतल्या एका पोराचं सांगतो, ओळखीच्या घरातला आहे. त्यानं अशीच सात ड्रॉवरची, लाल रंगाची, दिसायला देखणी ट्रॉली मागवली. रात्री नऊला फोन आला, आवाज कापत होता. जाऊन बघतो तर ट्रॉली तोंडावर पडून समोर उभ्या बुलेटच्या टाकीवर टेकलेली. टाकीला चांगला खोल पोचा. वरचे तिन्ही ड्रॉवर उघडे, पाने फरशीभर पसरलेले, आणि एका चॅनेलमधली बॉल धरणारी पट्टी तुटून बारीक छर्रे उताराला लागून गेटपर्यंत गेलेले. पोरगा बारा नंबरची गोटी शोधत होता. वरच्यात नाही म्हणून दुसरा उघडला, दुसऱ्यात नाही म्हणून तिसरा. मागचे बंद करायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

“पण ब्रेक लावलेला की ओ काका!” तो सारखा म्हणत होता.

ब्रेकनं ट्रॉली सरकायची थांबते, पालथी व्हायची थांबत नाही. ड्रॉवर बाहेर आला की त्याचं वजन पुढच्या चाकांच्या पुढं लोंबतं आणि बाकीची ट्रॉली त्याला मागं धरून ठेवते. उघड्या ड्रॉवरांचं वजन उरलेल्या वजनाच्या जवळपास गेलं की पुढची चाकं बिजागरीसारखी होतात. या पोराची ट्रॉली मुळात हलकी होती. त्यात गोट्या, रिंग पाने आणि ड्रिल मशीन सगळं वरच्या तिघांत, कारण वाकायला नको. खालच्या चारांत चिंध्या आणि रिकामे डबे. ट्रॉली पडायचीच होती. त्याचा पाय टाकी आणि ट्रॉलीच्या मध्ये नव्हता, हे नशीब.

त्यामुळं माझ्याकडं नियम पक्का आहे. ट्रॉली भरायची ती खालून वर: सगळ्यात खाली ग्राइंडर, ड्रिल, मोठा हातोडा, पुलर, मध्ये गोट्या आणि पाने, वर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, टेस्टर. एका वेळी एकच ड्रॉवर उघडा. काही चांगल्या ट्रॉल्यांमध्ये एक उघडला की दुसरा उघडतच नाही अशी सोय असते, घरात लहान मुलं असतील तर त्यासाठी जास्तीचे पैसे द्या. ट्रॉली एका जागीच राहणार असेल तर मागून दोन एल क्लॅम्प लावून भिंतीला बोल्ट करा.

चॅनेल न बघता घेणं

ट्रॉलीचा जीव चॅनेलमध्ये असतो. पत्र्याला पोचा आला तर ठोकून काढता येतो, चॅनेल गेलं की ड्रॉवर गेला. पत्र्यावर पत्रा सरकणारी साधी रेल कितीही ग्रीस लावली तरी हत्यारांच्या वजनाला टिकत नाही. बॉल बेअरिंगचं टेलिस्कोपिक चॅनेलच हवं, आणि तेही पूर्ण बाहेर येणारं. तीन चतुर्थांश बाहेर येणाऱ्या ड्रॉवरमध्ये मागच्या कोपऱ्यातली हत्यारं वर्षानुवर्षं हाताला लागत नाहीत, मग माणूस तोच पाना परत विकत आणतो.

दुकानात माझी तपासणी अशी. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढायचा, पुढच्या कडेवर तळहात ठेवून चांगला भार द्यायचा, मग डावीकडं-उजवीकडं हलवायचा. खाली थोडा झुकला तर ठीक, बाजूला खुळखुळला तर परत आत ढकलून दुसरी ट्रॉली बघायची. त्यानंतर ड्रॉवरच्या आतून कडेवरून बोट फिरवायचं. कड आत दुमडलेली असली पाहिजे. कच्ची कापलेली कड असेल तर रोज बोटं कापतील, आणि दुमड नसलेला पत्रा लवकर वाकतोही. चॅनेलवर जोडीची क्षमता ३५ किंवा ४५ किलो लिहिलेली असते. मी ती निम्मीच धरतो.

दुकानात असं करायला लाज वाटणारी पोरं मी बघितली आहेत. पैसे तुमचे आहेत, निवांत वेळ घ्या.

उद्यमनगरला जाऊन नुसतं ‘जाड पत्रा टाका’ म्हणणं

कोल्हापुरात राहणाऱ्यानं ऑनलाइन बटण दाबण्याआधी शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर मारावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्रा कापणारे, बेंडिंग करणारे, पावडर कोटिंग करणारे असे सगळे आपल्या गावात आहेत. आपल्या पार्किंगच्या मापाची ट्रॉली करून घेतली तर पैसे सत्कारणी लागतात. पण तिथंही लोक घाईनं चुकतात.

पहिली गोष्ट, १६ गेजचा हट्ट धरू नका. १.६ मिमीच्या पत्र्याची ट्रॉली रिकामीच फार जड होते. बॉडी १८, ड्रॉवर २० गेज, एवढं घरच्या आयुष्याला पुरतं. दुसरी, ड्रॉवरचे कोपरे सलग वेल्डिंग करू देऊ नका. पातळ पत्रा उष्णतेनं ओढला जातो आणि ड्रॉवर पिळतो. स्पॉट वेल्डिंग किंवा रिव्हेट बरे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चॅनेल आधी विकत आणा आणि ते फॅब्रिकेशनवाल्याच्या हातात द्या, मगच पत्रा कापू द्या. नेहमीच्या चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी जागा लागते. ड्रॉवरची बाहेरची रुंदी बॉडीच्या आतल्या रुंदीपेक्षा एक इंच कमी हवी, फार तर एखादा मिलिमीटर जास्त मोकळीक. घट्ट झालं तर ड्रॉवर अडकतो, सैल झालं तर चॅनेल तिरकं होऊन छर्रे पट्टीतून सुटतात. शिरोलीतल्या एका मित्रानं अशी ट्रॉली करून घेतली होती. पत्रा मस्त, रंग मस्त आणि पाचातले तीन ड्रॉवर पायानं ढकलल्याशिवाय बंद होत नव्हते. कारागिरानं माप ‘अंदाजे एक इंच’ धरलं होतं आणि दोन बाजूंचं मिळून चार मिलिमीटर कमी पडलं. शेवटी तिन्ही ड्रॉवर नव्यानं करावे लागले.

कोटिंगच्या आधी सेव्हन टँकची धुलाई, म्हणजे सात टाक्यांतून पत्रा रसायनांनी धुणं, होते का, ते विचारा. तेल आणि गंज काढून फॉस्फेटिंग (रंग धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर) न करता रंग मारला तर आपल्या पावसाळ्यात कडांना गंज धरतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात.

पुराचा विचार न करणं

रमणमळा, नागाळा पार्क, बापट कॅम्प, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी या भागात राहणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. तळमजल्याच्या पार्किंगात अखंड, भरलेली, दीडशे किलोची ट्रॉली असेल तर ती कोण उचलणार?

अशा घरात दोन भागांची ट्रॉली घ्या: खाली चाकाचा भाग, वर सुटी पेटी, दोन्ही बाजूंना दणकट हँडल. महागडी हत्यारं, म्हणजे टॉर्क रेंच, व्हर्निअर, मायक्रोमीटर, चांगल्या गोट्या, वरच्या पेटीत. इशारा पातळी ओलांडली की दोघांनी पेटी उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायची. हे मी माझ्या रमणमळ्यातल्या मेहुण्याच्या घरी करून दिलं आहे. खालच्या भागात पाणी शिरलंच तर गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा, ड्रॉवर काढून उन्हात वाळवा आणि चॅनेल बदलायची तयारी ठेवा. छर्ऱ्यांत एकदा गाळ बसला की तो पूर्ण निघत नाही.

आता बाकीच्या चुका भराभर. हत्यारांनी भरलेली ट्रॉली घेऊ नका. आत दीडशे पीस लिहिलेले असतात, त्यातले निम्मे स्क्रू ड्रायव्हरचे बिट असतात. चाकं नुसत्या प्लास्टिकची नकोत, चार किंवा पाच इंची पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या. पार्किंगची फरशी कधीच सपाट नसते आणि बऱ्याचदा तीनच चाकांवर भार येतो, म्हणून एकूण वजनाला तिनानं भागून एका चाकाची क्षमता ठरवा. ड्रॉवरमध्ये स्पंज घालू नका, पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि पान्यांची खालची बाजू गंजते. रबरी मॅट घाला.

आणि माप. ट्रॉली मागवायच्या आधी सगळी हत्यारं जुन्या चादरीवर मांडा, रोजची, महिन्याची आणि वर्षातून एकदा लागणारी अशी वेगवेगळी. वजनकाट्यावर घाला. मग जमिनीवर खडूनं ट्रॉलीची चौकट काढून गाडी आत घ्या, दार उघडा, ड्रॉवर जितका बाहेर येणार तितकी जागा पुढं राहते का बघा. बहुतेकांना या मांडणीतच कळतं की सात ड्रॉवर लागत नाहीत, चार पुरतात. ज्याच्याकडं एवढी हत्यारंच नाहीत, त्यानं पाच कप्प्यांची साधी लोखंडी पेटी घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या पान्यांत घालावेत. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण माझं मत बदलत नाही.

ट्रॉली घरात आहे आणि त्रास देते आहे?

ड्रॉवर पूर्ण उघडत नसेल तर बॉलची पट्टी चॅनेलमध्ये पुढंमागं सरकलेली असते. ड्रॉवर रिकामा करून जोर लावून शेवटपर्यंत ओढा आणि तसाच आत ढकला, पट्टी जागेवर येते. ड्रॉवर काढायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघा. बहुतेक चॅनेलमध्ये एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबायची असते. दोन्ही एकाच दिशेला दाबून ओढाताण करणारे लोक चॅनेल वाकवून ठेवतात.

ड्रॉवर आपोआप उघडत असतील तर पार्किंगचा उतार ट्रॉलीच्या तोंडाकडं आहे. पुढच्या चाकांखाली लोखंडी पट्टी सरकवा आणि पाणसळ लावून बघा.

चॅनेल जड चालत असेल तर आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्या आणि मगच ग्रीसचं हलकं बोट फिरवा. ग्रीस थापू नका, ग्राइंडरची धूळ त्यात चिकटून पॉलिश पेपरचं काम करते. आमच्याकडं हे काम खंडेनवमीच्या आदल्या दिवशी होतं. पूजेसाठी हत्यारं बाहेर काढावीच लागतात आणि पावसाळाही संपत आलेला असतो. गंजाचा ठिपका दिसला तर बारीक पॉलिश पेपर, प्राइमर आणि रंग, त्याच दिवशी.

कुलूप अडकायला लागलं तर तेल घालू नका, धूळ धरतं. पेन्सिलच्या शिशाची पूड किल्लीला लावून दोन-चार वेळा फिरवा.