इंजिन मिसिंग मारते तेव्हा या चुका टाळा

जुन्या गाडीचे इंजिन मिसिंग मारू लागले, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याने ते अडखळून थरथरू लागले, की बहुतेकांचा हात आधी नव्या स्पार्क प्लगकडे जातो. थरथर तरीही थांबली नाही तर कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) असा एकेक भाग बदलला जातो, आणि दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे मात्र कुणी पाहिलेलेच नसते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

इंजेक्टर असलेल्या गाडीत इंजिन आयडलिंगवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहावा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढताच इंजिन आणखी अडखळते. दोषी सिलिंडरचा काढल्यास फारसा फरक जाणवत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत हीच चाचणी प्लगच्या वायरी काढून करतात, पण चालू इंजिनची वायर हाताने ओढणे धोक्याचे आहे. इंजिन बंद करूनच वायर काढावी, तिला जादा प्लग जोडून तो इंजिनच्या धातूला नीट टेकवून त्याचे अर्थिंग करावे आणि मगच इंजिन चालू करावे. वायर मोकळी लोंबत ठेवल्यास कॉइल खराब होऊ शकते.

गाडीला जोडून दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘पी०३०२’ असा कोड दिसला, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिसिंग) होत आहे एवढेच कळते. कारण कळत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर बसवून कोड पुसावा. पुन्हा आलेला कोड ‘पी०३०३’ असेल तर कॉइलच बिघडलेली आहे. यासोबत प्लगही बदलून टाकल्यास चाचणीला अर्थ उरत नाही.

काढलेले प्लग न पाहता फेकून देणे ही माझ्या मते दुसरी मोठी चूक. ते सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि उजेडात निरखावेत. कोरडी काळी काजळी पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे सांगते. टोक पेट्रोलने ओले असेल तर ठिणगी पडत नसल्याचा संशय घ्यावा. तेलकट थर असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजले असावेत, आणि एकच प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर हेड गॅस्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि हेड यांमधले सील) कूलंट आत येत असण्याची शक्यता तपासावी. नवा प्लगही गॅप (ठिणगी पडते ती टोकांमधली फट) न मोजता बसवू नये.

सर्व वायरी एकदम काढणेही टाळावे. अनेक चार सिलिंडर इंजिनांचा फायरिंग क्रम (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-४-२ असतो आणि दोन वायरींची अदलाबदल झाली, तर नवीनच मिसिंग सुरू होते. वायरीच्या आवरणाला चीर असल्यास अंधारात बॉनेट उघडून पाहताना निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसतात.

आयडलिंगला अडखळणारे इंजिन वेग वाढवताच सुरळीत होत असेल, तर जादा हवा आत ओढू देणारा तडकलेला व्हॅक्यूम पाइप आधी शोधावा.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजावे. इंजिन गरम, सर्व प्लग काढलेले, इग्निशन व इंधनपुरवठा बंद आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावा: दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा दोष आहे, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील, तर संशय थेट गॅस्केटवर घ्यावा.