फडावरच्या कोपीत मच्छरदाणी: कॉलेजच्या गटानं सर्पदंशावर काम कसं सुरू करावं

माझा चुलता २०१६ च्या पावसाळ्यात गेला. घर वाळवा तालुक्यात, रात्री सगळ्यांची अंथरुणं जमिनीवर. पहाटे त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, मग पापण्या जड झाल्या. अंगावर सूज नाही, दाताची खूण नाही. घरच्यांनी पित्त समजून सोडा दिला, नंतर देवळात नेलं. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मण्यार चावली होती. मी तेव्हा बारावीत होते. पुढे सांगलीत प्राणिशास्त्र घेतलं आणि मण्यारीचं विष नसांवर कसं काम करतं ते शिकले, तेव्हा ती सकाळ मिनिटामिनिटानं डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही सात जणांनी एनएसएसमधून गट बांधला. तो अजून चालू आहे, म्हणून हे लिहिते आहे.

गटात नवी येणारी बरीच मुलं जगातलं दुःख बघून आलेली असतात. युद्धातली छावणी, उपाशी लेकरं, औषध न मिळालेला माणूस. तो कळवळा खरा असतो, त्याला कुणी कमी लेखू नये. पण कामासाठी असा प्रश्न धरा, जो जगाचाही आहे आणि तुमच्या एसटीच्या तिकिटात पोचता येईल इतका जवळचाही आहे. सर्पदंश तसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशानं मरतात. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. तरीही दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत त्याला वरची जागा मिळायला २०१७ उजाडलं. आफ्रिकेतल्या दहा जातींच्या सापांवर चालणारी एक लस (म्हणजे साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष) कंपनीनं २०१४ ला बनवणं थांबवलं, तेव्हा मेदसाँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संघटनेनं जगभर आवाज उठवला. मरणारा शेतमजूर आहे, गरीब आहे, म्हणून औषधाला बाजार नाही, हे तिथलं कारण. आपल्या फडावरचा, म्हणजे ऊसतोडीच्या रानातला माणूस त्याच रांगेत उभा आहे.

पहिला महिना कार्यक्रम घेऊ नका. बॅनर नको, शपथ नको. हे आम्ही २०१९ च्या महापुरात शिकलो. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि आम्ही उत्साहानं जुने कपडे गोळा करत सुटलो. एका शाळेच्या वर्गात त्या कपड्यांचा ओला ढीग छातीपर्यंत आला, कुबट वास मारायला लागला. त्या ढिगाशेजारी बसलेल्या आजींनी माझा हात धरून विचारलं, "बाळ, माझी बीपीची गोळी पाण्यात गेली, ती कुठं मिळंल?" पाच दिवसांत तो प्रश्न आमच्यापैकी कुणीच कुणाला विचारला नव्हता.

म्हणून आधी विचारत फिरा. दोघादोघांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जायचं आणि चारच गोष्टी वहीत लिहून आणायच्या: सर्पदंशाची लस आज शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, १०८ ची गाडी कुठून येते, आणि पुढे पाठवायचं झालं तर सांगली की मिरज. जाताना एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र न्या, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याची प्रत द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. पत्र दिलं असं तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, शिक्का दाखवला की ऐकतात. उत्तर मिळतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला गेल्या बारा महिन्यांचा लशीचा साठा मागायचा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. भाषा साधी ठेवा, आरोप करू नका. आरोग्य केंद्रातली नर्स आपल्याच बाजूची असते, तिला अडचणीत आणून काम पुढे जात नाही.

आता फड. कारखान्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. बीडकडून आलेल्या टोळ्या उसाच्या कडेला कोप्या घालून राहतात, जमिनीवर झोपतात. शेजारी पाचट, पाचटात उंदीर, उंदरामागं साप. आधी मुकादमाला भेटा. त्याला वाटतं पोरं मजुरीची चौकशी करायला आली. साप आणि मच्छरदाणी एवढंच बोलणार असं पहिल्याच भेटीत सांगा, आणि तो शब्द पाळा. दुपारी जाऊन उपयोग नाही, सगळे तोडीत असतात. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. बायका भाकरी थापत असतात, त्यांच्यापाशी खाली बसून बोला. उभ्यानं भाषण केलं की त्या मान हलवतात आणि विसरतात.

सांगायचं थोडंच. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठीला बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी, बांगड्या, जोडवी आधी काढायची, सूज चढल्यावर ती निघत नाहीत. घट्ट दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. चालवत न्यायचं नाही. मोटरसायकलच असेल तर रुग्ण मधे आणि मागून एकानं धरलेला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर आपल्याकडे एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवायची. आणि मण्यारीचं वेगळं सांगा, अगदी थांबून सांगा: ती रात्री झोपेत चावते, फारसं दुखत नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या मिटायला लागल्या की ते पित्त नव्हे. श्वास बंद पडू शकतो, लस असलेल्या जवळच्या दवाखान्यात लगेच न्यायचं, पुढे व्हेंटिलेटर लागू शकतो. हे सांगताना माझा आवाज आजही बदलतो, आणि ऐकणाऱ्या बायका तेव्हाच मान वर करून बघतात.

देवळाचा विषय निघणारच. आपला जिल्हा बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा आहे, इथं नागाशी नातं जुनं आहे. त्या श्रद्धेवर बोट ठेवून माणसं दुरावतात. आम्ही एवढंच म्हणतो, "गाडीत बसून नाव घ्या, पण गाडी दवाखान्याकडं चालू द्या." पटतं.

मच्छरदाणी का, तर जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यारीपासून वाचवणारी तीच सगळ्यात स्वस्त गोष्ट. नेपाळच्या तराई भागातल्या अभ्यासातही मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं. पहिल्या वर्षी आम्ही चौदा कोप्यांना चौदा वाटल्या आणि आठवड्यानं गेलो तर अकरा घडी घालून ठेवलेल्या. कारण विचारलं तर एका ताईनं हाताला धरून आत नेलं. कोपी इतकी बुटकी की मी वाकूनच उभी होते, वर खिळा मारायला लाकूडच नाही. "ताई, बांधावी कशाला?" तिनंच मग सुतळीनं चारही कोपरे बांबूच्या कामट्यांना बांधून दाखवले, आणि खालची कड गोधडीखाली सगळीकडून दाबली. कड मोकळी राहिली तर मच्छरदाणी असून नसल्यासारखी. तेव्हापासून आम्ही सुतळीचा गुंडा आणि मोठ्या मापाची मच्छरदाणी नेतो, बांधून देतो आणि आठव्या दिवशी बघायला परत जातो. ती दुसरी फेरी सोडणार असाल तर पहिली करू नका.

पैसे कुणाच्या वैयक्तिक फोनपेवर घेऊ नका, मित्र कितीही विश्वासाचा असो. शक्यतो वस्तू घ्या. रोख आलीच तर दोघांच्या सह्या, त्याच दिवशी वहीत नोंद, आणि दुकानाचं बिल एनएसएस युनिटच्या नावानं. महिन्याला हिशेबाचं पान सूचनाफलकावर लावा.

साप पकडायला जाऊ नका. गटात एखादा धाडसी असतोच, त्याला स्पष्ट अडवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न आहे आणि जिवाचाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रुग्णाचा फोटो काढू नका.

मार्चच्या अखेरीस टोळ्या परत जातात, मुलांच्या परीक्षा येतात, आणि बहुतेक गट इथंच विरतात. पण गावातली माणसं कुठं जात नाहीत. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की साप घरात येतात, म्हणून जून ते सप्टेंबर नदीकाठच्या गावांत फिरा. १९ सप्टेंबर हा जागतिक सर्पदंश जागरूकता दिन आहे, त्या दिवशी एखाद्या अनुभवी डॉक्टरांना कॉलेजात बोलवा. आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यात राहून विंचूदंशावर जगाला उपयोगी पडलेलं संशोधन केलं, हे मुलांना माहीत नसतं, ते सांगा. सर्पदंशानं शेतकरी गेला असेल तर घरच्यांना गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून दोन लाखांचं अनुदान मिळू शकतं. दुःखात कागद राहून जातात. शवविच्छेदन अहवाल आणि सातबारा जमवून तालुका कृषी कार्यालयापर्यंत कुणीतरी सोबत गेलं पाहिजे. आमच्या घरचं कुणी गेलं नाही, कारण असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जानेवारीतच पहिल्या वर्षाच्या दोघांना प्रत्येक फेरीत बरोबर घ्यावं. जूनमध्ये त्यांच्या हाती एक वही द्या. पहिल्या पानावर आरोग्य केंद्रं, मिरज-सांगलीची रुग्णालयं, मुकादम आणि गावातल्या आशाताई यांचे फोन नंबर. नव्या मुलांचं पहिलं काम हेच: त्यातला प्रत्येक नंबर लावून बघायचा, आणि लागत नसेल तो त्याच दिवशी जाऊन बदलून आणायचा.