आईबाबांना घेऊन कॅरेबियन क्रूझला निघताय? आधी हे वाचा

क्रूझचं सुख असं की एकदा जहाजावर चढलात की हॉटेल कुठलं, जेवायचं कुठे, गाडी कोण चालवणार हे सगळे प्रश्न संपतात. पण त्यासाठी लागणारं सगळं डोकं चढायच्या आधी लावावं लागतं, आणि आपली मंडळी नेमकी तेव्हाच जहाजावर स्लाइड किती उंच आणि पूल किती यात रमलेली असतात. मी इथे लिहितेय ते अमेरिकेत राहणाऱ्या घरांसाठी, आईबाबा किंवा सासूसासरे भारतातून आलेत, मुलांना सुट्टी आहे आणि सगळ्यांना मिळून कुठेतरी जायचंय, अशांसाठी. बाकीच्यांनी आपापल्या कामाचं उचला.

पहिलं काम कागदपत्रांचं, आणि हे डिपॉझिट भरायच्या आधी. आईबाबांच्या बी१/बी२ म्हणजे व्हिजिटर व्हिसावर एंट्रीज ‘एम’ म्हणजे मल्टिपल आहेत ना ते उघडून बघा, कारण बहामासमधल्या नसाऊला किंवा जमैकाला जाऊन येणं म्हणजे अमेरिकेबाहेर जाऊन परत येणंच आहे, जहाज तेच असलं तरी. परत आल्यावर त्यांना नवे सहा महिने मिळतील असं गृहीत धरू नका, आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्या नोंदीची, जुनी तारीख लक्षात ठेवूनच परतीचं तिकीट काढा. आता एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनी नीट वाचा. हातात आय-७९७ म्हणजे मंजुरीचा कागद आहे पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपलाय अशी खूप जण असतात, आणि ‘अरे मेक्सिकोला चालतं’ असं कुणीतरी सांगतं. संपलेल्या स्टॅम्पवर परत येऊ देण्याची ती सवलत कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे, एच-१बी साठी बहामास, जमैका, केमन ही बेटं त्यात येत नाहीत, आणि बऱ्याच क्रूझ मेक्सिकोबरोबर अशा एखाद्या बेटावरही थांबतात. त्यामुळे स्टॅम्प संपला असेल तर आधी वकिलाला विचारा, मग क्रूझ बघा. मेक्सिकोत उतरायला अमेरिकेचा चालू व्हिसा असला की वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही, पण प्रत्येक बेटाचा नियम वेगळा, म्हणून आपल्या रूटमधली बंदरं आणि भारतीय पासपोर्ट असं सांगून क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं ‘इट शुड बी फाइन’ चेक-इन काउंटरवर उपयोगी पडत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही घ्या. अमेरिकन सिटिझन मुलांना त्याच बंदरात परत येणाऱ्या क्रूझवर नुसतं बर्थ सर्टिफिकेट चालतं हे खरं, पण मध्येच कुठल्या बेटावरून विमानाने परतायची वेळ आली तर पासपोर्टच लागणार, तेव्हा काढून ठेवाच.

कधी जायचं? हरिकेन सीझन अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. स्वस्त डील्स सप्टेंबरात दिसतात त्या याचमुळे. वादळ आलं तर जहाज त्याच्या वाटेतून बाजूला होतं, धोका तसा नसतो, पण सेंट थॉमस बेटाला म्हणून निघालात आणि मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर पोचलात असं होऊ शकतं आणि त्याची फार भरपाई मिळत नाही. ज्यांना शाळेमुळे उन्हाळ्यातच जायचंय त्यांनी जूनचा पहिला पंधरवडा बघा. अरुबा, बोनेअर, कुरासाव ही तीन बेटं पार दक्षिणेला व्हेनेझुएलाजवळ आहेत, वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या खाली, तिकडचा रूट पावसाळी महिन्यांतही त्यातल्या त्यात बरा. न्यू जर्सीवाल्यांना बेयॉनहून जहाज मिळतं, विमानाचा खर्च वाचतो, पण जानेवारीत निघालात तर सुरुवातीला डेकवर जाकीट घालूनच फिरायचं, पूल वगैरे विसरा. आणि टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला जानेवारी-फेब्रुवारीत धुकं पडलं की बंदर बंद होतं आणि जहाजं बाहेर खोळंबतात, म्हणून परतीचं विमान घट्ट वेळेचं ठेवू नका.

रूट निवडताना जहाजापेक्षा आधी गुडघे बघा, आईचे. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटीला मोठी जहाजं समुद्रातच थांबतात आणि छोट्या बोटीने, टेंडर म्हणतात त्याला, किनाऱ्यावर नेतात. बोट हलत असते, पायरी चढायची-उतरायची असते, व्हीलचेअर असेल तर बऱ्याचदा नाहीच म्हणतात. कोझुमेलहून टुलुमचे माया अवशेष बघायला म्हणजे पाऊण तास फेरी बोट, मग बस, मग उन्हात चालणं, मग तेच सगळं उलटं, पूर्ण दिवस जातो आणि म्हातारी माणसं दमून जातात. त्यापेक्षा कोझुमेल बेटावरच सान गेर्वासिओचे माया अवशेष आहेत, ठिकाण छोटं आहे पण टॅक्सीने आरामात होतं. मेक्सिकोच्याच कोस्टा माया बंदरात जहाज थांबत असेल तर चाक्चोबेनचे माया अवशेष, तासाभराची बस, झाडीतली देवळं, हे मला टुलुमपेक्षा जास्त आवडतं. जमैकाच्या डन्स रिव्हर फॉल्सवर हात धरून धबधबा चढायचा असतो, तिथे आजीआजोबांनी खाली बसून मजा बघावी. आणि बाबा क्रिकेटवेडे असतील तर दक्षिणेचा बार्बाडोसवाला रूटच घ्या, ब्रिजटाउनच्या बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल अगदी जवळ आहे. २०२४ चा टी-२० वर्ल्ड कप आपण तिथेच जिंकलो हे नातवंडांना माहीत असतं, पण १९७१ च्या दौऱ्यात, गावसकरच्या त्या ७७४ रन्सच्या सिरीजमध्ये, दिलीप सरदेसाईंनी याच ग्राउंडवर १५० काढून टेस्ट वाचवली होती हे बाबाच सांगतील, भरपूर वेळ घेऊन सांगतील, तेव्हा टॅक्सी थांबवून ठेवा.

केबिनचं एकच सूत्र, समुद्र लागणाऱ्यांसाठी खालचा डेक आणि जहाजाचा मधला भाग, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. डेक प्लॅन उघडून वर-खाली काय आहे ते बघा, पूल डेकच्या बरोबर खालची खोली घेतलीत तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकावा लागतो. बाल्कनी छान असते, पण दिवसभर बाहेर भटकणाऱ्यांना इनसाइड केबिन पुरते, आईबाबांना मात्र बाल्कनी द्याच, दुपारी ती माणसं तिथेच बसतात.

पैशाचं बोलायचं तर जाहिरातीतला आकडा हा तिकिटाचा अर्धवट आकडा आहे. त्यावर टॅक्स आणि पोर्ट फी, मग ग्रॅच्युइटी म्हणजे टिप, ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, लहान मुलांचीही बहुतेक ठिकाणी तेवढीच, म्हणजे चार जणांच्या सात रात्रींना ५०० डॉलर तिथेच गेले. मग वायफाय, मग एक्स्कर्शन्स म्हणजे बेटांवरच्या टूर्स. दारूचं पॅकेज एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं असा बहुतेक कंपन्यांचा नियम, त्यामुळे सोमवार, गुरुवार, चतुर्थी पाळणाऱ्या घरात ते परवडत नाही. पाणी, साधा चहा-कॉफी, सकाळचा ज्यूस फुकट असतो. उरलेले सगळे पैसे साधारण निघायच्या ७५ ते ९० दिवस आधी भरायचे असतात आणि त्यानंतर कॅन्सल केलं तर दंड वाढत जातो, ती तारीख कॅलेंडरवर टाका.

इन्शुरन्स वगळू नका, इथे कंजुषी नको. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, बिल तुमच्या खात्यावर चढतं, आणि कुणाला बेटावरून विमानाने हलवायची वेळ आली तर तो खर्च अंगावर येणारा असतो. आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स अमेरिकेबाहेर आणि समुद्रात चालतो का आणि जुन्या आजारांचं काय, हे विचारून घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर फ्रिजचं आधीच कळवा. उलटीची गोळी हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची, कुठली ते डॉक्टरांना विचारून, कारण काहींनी खूप झोप येते. घरात कुणी गरोदर असेल तर क्रूझ संपेपर्यंत २४ वा आठवडा लागत असेल तर चढूच देत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही. डायपरमधल्या मुलांना मोठ्या पूलमध्ये सोडत नाहीत, स्विम डायपर असला तरी, हे आधी माहीत असलेलं बरं.

खाण्याची काळजी आईला सगळ्यात जास्त असते. शाकाहारी, जैन, अंडं नको, जे काय असेल ते बुकिंगमध्ये लिहा आणि पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला भेटून परत सांगा. बऱ्याच जहाजांवर मागितलं की दुसऱ्या दिवसापासून डाळ-भाजी-भात येतो. क्रूमध्ये गोव्याची, मुंबईची मुलं भरपूर असतात, आईने ‘कुठला रे तू बाळा?’ विचारलं की पुढचा आठवडा तिची काळजी मिटली. सोबत भाकरवडी, चिवडा, खाकरे अशी सीलबंद पाकिटं घ्या, घरी केलेलं बहुतेक ठिकाणी चालत नाही. चहासाठी किटली नेऊ नका, जप्त होते, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन बोर्डही तसंच. गरम पाणी बुफेत मिळतं, इन्स्टंट मसाला चहाची पाकिटं ठेवा. आणि बुफेत शिरताना साबणाने हात धुवा, पोटाच्या साथीवर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

कपड्यांत फॉर्मल नाइटला साडी किंवा कुर्ता एकदम उठून दिसतो, त्यासाठी सूट विकत घेऊ नका. मिलिटरी छापाचे, कॅमोफ्लाज कपडे अजिबात नकोत, मुलांचे शॉर्ट्सही, जमैका-बार्बाडोससारख्या बऱ्याच बेटांवर ते सामान्य माणसाने घालणं बेकायदेशीर आहे. सनस्क्रीन मिनरलवालं घ्या, अरुबा आणि यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्याला बंदी आहे. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चार मॅग्नेटचे हुक नेलेत तर ओले टॉवेल आणि टोप्या लटकवता येतात.

विमानाने बंदराच्या गावी जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा, विमान लेट झालं म्हणून जहाज थांबत नाही. मोठ्या बॅगा हमालाकडे दिल्या की केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि पोहायचे कपडे हातात ठेवा, पोरं पहिल्या तासातच पूलमध्ये जायचा हट्ट धरतात. सेफ्टी ड्रिल टाळू नका, टाळता येतही नाही, नाव घेऊन बोलावतात. कंपनीचं अ‍ॅप घरूनच डाउनलोड करा आणि जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर, आईबाबांचेही स्वतः तपासा, समुद्रातल्या रोमिंगचं बिल भयंकर येतं.

बेटावर उतरलात की जहाजाची वेळ पाळा, फोनवरची नाही. गॅल्व्हेस्टनहून हिवाळ्यात कोझुमेलला गेलात तर तिथलं घड्याळ टेक्सासपेक्षा एक तास पुढे असतं आणि फोन गुपचूप बदलतो, त्यामुळे एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. जहाजाच्या कंपनीची टूर महाग असते पण तिला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं किंवा कंपनी पुढची सोय करते, स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही, तेव्हा स्वतः फिरणार असाल तर दोन तास आधी बंदराच्या आसपास या.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्यात दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला पॅक झाल्या नाहीत ना ते बघा. ज्यांना बॅगा उचलता येतात त्यांनी स्वतःच्या बॅगा घेऊन उतरावं, लवकर सुटका होते, आईबाबांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला नाव द्या. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं नको. आणि बुफेतली केळी-सफरचंदं पर्समध्ये टाकायची सवय असते आपल्या बायकांना, माझ्यासकट, ती उतरायच्या आधी खाऊन टाका, फळं कस्टम्समधून बाहेर नेता येत नाहीत.