लॅपटॉप स्लो झालाय? पैसे घालायच्या आधी बघा नेमकं अडतंय कुठे

लॅपटॉप स्लो झाला की सल्ला ठरलेला, रॅम वाढव. मीपण तेच केलं, ८ ची १६ जीबी केली आणि मशीन चालू व्हायला लागायचा तेवढाच वेळ लागत राहिला, कारण दुखणं डिस्कचं आणि औषध दिलं रॅमला.

तर लॅपटॉप रखडत असतानाच (निवांत असताना बघून उपयोग नाही) कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क १०० टक्क्यांना चिकटलीय, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) मात्र १०-१५ वर आरामात, आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे? मग सरळ एसएसडी (काहीच न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाका, एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी ५०० च्या पुढे, आणि विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइल्स उघडतं तिथे तर तुलनाच नको. एनव्हीएमई (नव्या जोडणीची एसएसडी) अजून फास्ट, पण एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे म्हणून ती चालेलच असं नाही, काही स्लॉट फक्त साटावाले असतात, मॅन्युअल बघून घ्या.

एक गंमत लक्षात ठेवा, रॅम भरली की विंडोज डिस्कच रॅमसारखी वापरायला लागतं, म्हणून डिस्क १०० दिसली तरी शेजारी मेमरी (म्हणजे रॅम) बघाच. तीपण ९० च्या वर असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. तिथेच खाली रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं. डीडीआर४ रॅमच्या जागी पुढच्या पिढीची डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी. आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, तिथे विषयच संपला.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येत नाहीत, त्या नादाला लागू नका. पण पंखा घोंघावतोय, बूड तापलंय आणि काम चालू असतानाच सीपीयूचा स्पीड धाडकन खाली येतोय तर तो गरम होऊन स्वतःच हळू होतोय, आतली धूळ काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) बदला, पार्ट घ्यायची गरजच पडणार नाही कदाचित.

डिस्क बदलणार असाल तर आधी बॅकअप, आणि झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मगच बाकीच्याला हात.