बचत गटाच्या बायांना ‘सेव्हन विमेन’ कसा दाखवाचा

अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डचा हा शेवटचा सिनेमा, १९६६ चा. गोष्ट १९३५ मधली, चीनच्या सीमेवरचं ख्रिस्ती मिशन, आत बाया अन् बाहेर लुटारूची टोळी. कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवूच नका, थकून येतात बिचाऱ्या, पोळा झाल्यावर बरं. प्रोजेक्टर समाजमंदिराच्या पांढऱ्या भिंतीवर मारा, लाईनचा भरोसा नाही म्हणून इन्व्हर्टर चार्ज करूनच ठेवा.

डायलॉग इंग्रजी हायेत, तं मधात थांबवून आपल्या वऱ्हाडीत सांगत जा, कॉलऱ्याची साथ येते तिथं जरा जास्त वेळ द्या, बायांना ते लगेच समजते. शेवटी मिशनमधली डॉक्टरीण पेला उचलते तिथं मात्र एक शब्द बोलू नका, माह्या मावशीचा हात सुपातल्या तुरीवरच थांबला होता.