क्रिमिनॉलॉजीसाठी युरोपात येताय? आधी तळटीपा वाचायची सवय लावा

दर महिन्याला एकदोन मेसेज येतातच, ताई युरोपात क्रिमिनॉलॉजी (गुन्हेशास्त्र) करायचंय, आकडेमोडीसाठी एसपीएसएस शिकू की आर? अरे बाबांनो, सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं, खरं डोकं जातं ते वेगळीकडेच.

मास्टर्सला असताना एका प्रोजेक्टवर असिस्टंट होते, चार देशांचे पोलिसांकडे नोंदलेले बलात्काराचे आकडे मांडायचे होते. मी झकास बार चार्ट काढला, स्वीडनचा खांब ताडासारखा, जर्मनीचा गुडघ्याएवढा, आणि खाली निष्कर्षही ठोकून दिला. आमच्या बाईंनी चार्टकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाल्या तळटीप वाचलीस का? नव्हती वाचली. स्वीडनमध्ये तक्रार आली की लगेच मोजतात, आणि एखादी बाई म्हणाली वर्षभरात वीस वेळा झालं तर वीस गुन्हे धरतात. जर्मनीत तपास संपून फाइल सरकारी वकिलाकडे जाताना मोजतात. म्हणजे मी एकाची पेरणी आणि दुसऱ्याची मळणी शेजारी मांडून कोण जास्त ते सांगत होते 😅 शिवाय कायद्यातली व्याख्याही वेगवेगळी, ते आणखीनच निराळं.

या भानगडीतून मार्ग काढायलाच तर युरोपियन सोर्सबुक आहे, म्हणजे देशोदेशींच्या गुन्ह्यांचे आकडे एकत्र मांडणारं पुस्तक, पहिली आवृत्ती 1999 ची, कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेची. प्रत्येक देशात त्यांचा एक माणूस असतो, तो नुसते आकडे भरत नाही तर खुनात खुनाचा प्रयत्न धरलाय का, वाहनचोरीत नुसती फिरवायला नेलेली गाडी धरलीय का, असल्या प्रश्नांना हो-नाही करत बसतो. तुरुंगाचे आकडे हवे असतील तर स्पेस बघा, ही कौन्सिल ऑफ युरोपची तुरुंगांची आकडेवारी, ते काम स्वित्झर्लंडच्या लोझान युनिव्हर्सिटीतून चालतं. देशोदेशींचं सहकार्य म्हणतात ते निम्म्याहून जास्त हेच, एक्सेलचा रकाना आणि तीनदा पाठवलेली रिमाइंडरची मेल (जुलै-ऑगस्टमध्ये पाठवूच नका, सगळे सुट्टीवर).

ओळखी कुठे होतात? युरोपियन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी, स्थापना 2000, पहिली परिषद 2001 ला लोझानलाच झाली. विद्यार्थ्यांना फी कमी असते, आणि नवख्या संशोधकांचा वेगळा वर्किंग ग्रुप आहे, त्यात आधी घुसा. मी 2023 ला फ्लॉरेन्सला गेले होते, मोठ्या हॉलमधली भाषणं काही लक्षात नाहीत, पण कॉफीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीबरोबर आज पेपर लिहितेय.

पैशाचं म्हणाल तर मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्क, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशातल्या पीएचडीच्या जागा, कुठल्याही देशाचा नागरिक चालतो आणि स्कॉलरशिप नाही तर चक्क नोकरीचा करार मिळतो. पण एक मेख आहे, ज्या देशात नेमणूक त्या देशात आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे जर्मनीत मास्टर्स करून लगेच जर्मनीतल्याच जागेला अर्ज केला तर गेला वाया, नेदरलँड्स किंवा बेल्जियम बघायचं. हे मला कोणी वेळेत सांगितलं नाही, एक आख्खा अर्ज फुकट गेला. कॉस्टचं नाव पण ऐकाल, ही संशोधकांची जाळी बांधणारी युरोपीय योजना, तिथे पगार नसतो, भेटीगाठी नि प्रवासाचा खर्च मिळतो.

भाषा शिका हो. मीटिंगा इंग्रजीत होतात, पण जर्मन पोलिसांच्या मोजणीचे नियम जर्मनमध्येच असतात आणि गूगलचं भाषांतर नेमकं कायद्याच्या शब्दाला माती खातं.

आणि आपल्याकडचं कमी समजू नका. एनसीआरबीमध्ये (आपल्याकडे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी मोजताना सगळ्यात गंभीर तेवढाच धरतात, हा नियम युरोपातही काही देशांत आहे, काहींत नाही. पीएचडीच्या मुलाखतीत मी सहज हे काढलं तर पॅनल त्यालाच चिकटलं, मग एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) म्हणजे काय, ती घेऊन पोलीस परत का पाठवतात, दखलपात्र-अदखलपात्र, सगळं इंग्रजीत समजावता समजावता घाम फुटला, माझी स्लाइड दोनच्या पुढे गेलीच नाही. आठवड्याने ऑफर लेटर आलं.